‘रेन चेक’ म्हणताना या चुका टाळा

‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणजे पाऊस थांबलाय का ते बघून सांगतो, असं समजणारे थोडे. खरा अर्थ ‘आत्ता जमत नाही, पण पुढे नक्की’ असा. बरेच जण मात्र ते गोड शब्दांतला नकार म्हणून वापरतात, आणि घोळ तिथेच होतो.

हा वाक्प्रचार अमेरिकेतल्या बेसबॉलचा, 1880च्या दशकातला. पावसाने सामना धुऊन निघाला की प्रेक्षकाला पुढच्या एखाद्या सामन्याला फुकट प्रवेश देणारी चिठ्ठी मिळे, तीच रेन चेक. इथला ‘चेक’ बँकेचा नव्हे आणि तपासणीचाही नव्हे; सामान ठेवल्यावर हातात देतात तसलं टोकन. पुढे तिकिटालाच फाडून घेता येणारा तुकडा जोडू लागले. त्याचं श्रेय बहुधा न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा व्यवस्थापक अ‍ॅब्नर पॉवेल याला देतात, कारण कुंपणावरून उड्या मारून आलेले फुकटेही पाऊस पडला की चिठ्ठीच्या रांगेत उभे राहायचे.

थोडक्यात, चिठ्ठी देणाऱ्याच्या डोक्यावर देणं राहतं, तसंच ‘रेन चेक’ म्हटलं की आमंत्रणही उभंच राहतं. म्हणून जायचंच नसेल तर हे शब्द उच्चारू नका. समोरचा पुढच्या आठवड्यात ‘मग कधी?’ विचारणार, आणि तो चुकत नसतो. तिथे ‘थँक्स, बट आय कान्ट’ पुरतं.

आमंत्रण मिळालेला रेन चेक ‘टेक’ करतो, बोलावणारा ‘गिव्ह’ किंवा ‘ऑफर’ करतो. तुम्हीच जेवायला बोलावून बेत पुढे ढकलताय, तर ‘कॅन आय गिव्ह यू अ रेन चेक?’ म्हणा. पुढे ‘ऑन’ येतं, ‘फॉर’ नाही: ‘अ रेन चेक ऑन डिनर’. साहेबांनी लावलेल्या मीटिंगला हे अजिबात चालत नाही. ते आमंत्रण नसतंच. फाइल ‘नंतर बघतो’ या अर्थानेही नको. पाऊस मात्र असायलाच हवा असं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना तो कागद आजही दिसू शकतो. जाहिरातीतली सवलतीची वस्तू संपली असेल तर काही दुकानं रेन चेक लिहून देतात. माल आल्यावर वस्तू त्याच सवलतीच्या भावात मिळते. घेताना मुदत आणि किती नग मिळणार, एवढं तिथल्या तिथे वाचून घ्या.