समुद्रातून रॉकेट ट्रॅक करायला जहाज निघणारे? मग ही तयारीची यादी

आधी जागा पक्की करा. रॉकेटचा मार्ग नकाशावर टाका आणि जमिनीवरच्या स्टेशनांना तो कुठे दिसेनासा होतो ते बघा, तेवढी फट भरायला जहाज न्यायचंय. अडीचशे किमी उंचीवरचं यान साधारण १८०० किमी लांब असताना क्षितिजावर येतं आणि अगदी डोक्यावरून गेलं तरी सात-आठ मिनिटांत पलीकडे मावळतं. म्हणजे खाली लिहिलेलं सगळं त्या सात-आठ मिनिटांसाठी, बाकी नुसता प्रवास.

मग तारखा, आणि इथे हात सैल ठेवा. मंगळयानाच्या वेळी पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा दक्षिण पॅसिफिकवर पेटणार होता म्हणून इस्रोने एससीआय नालंदा आणि एससीआय यमुना ही दोन जहाजं तिकडे धाडली, पण खराब हवामानामुळे नालंदाला फिजीजवळ पोचायला उशीर झाला आणि २८ ऑक्टोबर २०१३ चं उड्डाण शेवटी ५ नोव्हेंबरला झालं. एवढं मोठं मिशन आणि सगळे एका जहाजासाठी थांबलेले! १२ नॉटने (ताशी १२ सागरी मैल) दिवसभरात जेमतेम ५३० किमी कापले जातात, त्यामुळे वादळाला वळसा घालायचे दिवस आधीच हिशोबात धरा.

वाटेत बंदरात थांबायचं असेल तर परवानगीचे कागद लवकर हलवा, अशा जहाजाकडे सगळे संशयानेच बघतात कारण यान ट्रॅक करणारी डिश मिसाईलही ट्रॅक करू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनचं युआन वांग ५ हे असंच ट्रॅकिंग जहाज श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात यायचं होतं, भारताने काळजी व्यक्त केली, श्रीलंकेने आधी थांबा म्हटलं, आणि ११ तारखेचं जहाज १६ ला लागलं.

आता अँटेना, खरी डोकेदुखी इथेच. एस बँडवर (२ ते ४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी) साडेचार मीटरच्या डिशचा बीम, म्हणजे तिला दिसणारा पट्टा, जेमतेम दोन अंशांचा असतो आणि जहाज पाच अंश सहज डोलतं, म्हणजे डोलणं मोजून डिश उलटी फिरवली नाही तर सिग्नल गेलाच. ते मोजणारं जायरोचं युनिट शक्यतो डिशच्या बुडाशीच बसवा, ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या खोलीतल्या) रीडिंगवर विसंबू नका, कारण लाटांवर जहाजाचा सांगाडाही थोडा वाकतो. डिश डेकवर पक्की बसली की उत्तर दिशा परत जुळवून घ्या. यान बरोबर डोक्यावरून जाणार असेल तर साध्या दोन अक्षांच्या माउंटला (डिश फिरवणाऱ्या बैठकीला) तिथे एकदम गर्रकन फिरावं लागतं आणि ते जमत नाही, त्यामुळे जहाज मार्गाच्या थोडं बाजूला उभं करायचं.

कॅप्टनशी बसून पासच्या वेळी (यान वरून जात असताना) जहाजाचं तोंड कुठे असेल ते लेखी ठरवा. मास्ट आणि चिमणी डिशच्या नजरेत येता कामा नये, पण त्यासाठी जहाज वळवलं आणि लाटा कुशीवर आल्या तर डोलणं वाढतं, म्हणून पर्यायी दिशा पण ठरलेली हवी (नाहीतर ऐनवेळी ब्रिजवर वाद). जहाजाचा एस बँड रडार तेवढा वेळ बंद ठेवता येईल का तेही तेव्हाच विचारा.

घड्याळं यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) जुळलेली हवीत. २.२ गिगाहर्ट्झला डॉपलरने (यानाच्या वेगामुळे) फ्रिक्वेन्सी पन्नासेक किलोहर्ट्झ सरकते, ते रिसीव्हरमध्ये आधीच भरा. सॅटेलाइट लिंक तुटली तर डेटा जहाजावरच रेकॉर्ड झाला पाहिजे, तोही दोन ठिकाणी. कनेक्टर, केबल, गंज न धरणारे बोल्ट जास्तीचे घ्या, खारी हवा काही सोडत नाही. कमांड पाठवणार असाल तर ट्रान्समीटर चालू असताना डिशसमोर डेकवर कोणी फिरकणार नाही एवढं बघा. उलटीच्या गोळ्या, अर्थात, इंजिनिअर लोकांसाठी.

पोचल्यावर आधीच कक्षेत असलेला एखादा उपग्रह पकडून रिहर्सल करा, समुद्र खवळलेला असताना तर नक्कीच. आणि डिझेल, पाणी, रेशन उड्डाणाच्या तारखेपुरतं भरू नका, विंडो (उड्डाण जमेल असे दिवस) संपेपर्यंतचं आणि वर परतीचं भरा. मंगळयानाची विंडो १९ नोव्हेंबरपर्यंत होती, म्हणजे पहिल्या तारखेपासून तीन आठवडे.