धरणाखालच्या नदीत फ्लायने ट्राउट पकडायचा तर

सगळ्यात आधी पाणी कधी सोडणार ते बघा, फ्लाय (हुकवर बांधलेला किड्यासारखा दिसणारा नकली किडा) कुठली लावायची ते नंतर. टर्बाईन चालू झाली की गुडघाभर पाणी बघता बघता कमरेला येतं. त्यामुळे वेळापत्रक बघूनच उतरा, आणि तरीही पाण्याच्या कडेचा एखादा कोरडा दगड हेरून ठेवा, तो भिजायला लागला किंवा काड्या-पाला वाहत यायला लागला किंवा भोंगा वाजला, की मासा लागलेला असला तरी बाहेर या. यात चालढकल अजिबात नको.

मोठ्या धरणात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं पण तळाचं गारच राहतं, आणि ते खालून सोडलं की नदीत ट्राउट, म्हणजे गार पाण्यातला मासा, वर्षभर टिकतो. न्यू मेक्सिकोतली नवाहो धरणाखालची सॅन हुआन नदी बघा, आजूबाजूला रखरखीत वाळवंट आणि पाण्यात मस्त ट्राउट! अशा पाण्यात मिज नावाचे बारीक किडे बाराही महिने निघतात, म्हणून फ्लायपण बारीक, १८ ते २४ नंबर (नंबर वाढतो तसा हुक लहान होतो), टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा) ५एक्स किंवा ६एक्स, इथे आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो.

निम्फ (पाण्याखाली चालवायची, किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) लावताना इंडिकेटर (लाईनवरची तरंगती खूण) ते फ्लाय अंतर खोलीच्या साधारण दीडपट ठेवा आणि फ्लायच्या वीतभर वर छोटं शिसं. फ्लाय अधूनमधून तळाला घासली पाहिजे. घासतच नसेल तर फ्लाय बदलत बसू नका, आधी शिसं वाढवा.

खरी गंमत ड्रिफ्टमध्ये, म्हणजे फ्लाय प्रवाहाबरोबर कशी वाहते त्यात आहे, बहुतेक जण इथेच मार खातात. वेगवान आणि संथ धार जिथे भेटते त्या रेषेवर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फ्लाय टाका. मधली जोरदार धार लाईनला बाक देते, मग इंडिकेटर फेस-बुडबुड्यांपेक्षा जोरात पळायला लागतो आणि तशी ओढली जाणारी फ्लाय ट्राउट सहसा घेत नाही. बाक पडायच्या आतच रॉडचं टोक उचलून लाईन अलगद प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, इंडिकेटर न हलवता. तो बुडबुड्यांच्या चालीने चालला की जमलं. जरासा थबकला तरी मासा लागला असेल असं समजून रॉड उचला, हिसका नको, टिपेट तुटतं.

मासा सोडायचा असेल तर हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवा, हात ओले करा, पाण्यातच हुक काढा आणि माशाचं तोंड पाणी येतं त्या दिशेला करून धरा, शेपटी मारून तो स्वतः निघेपर्यंत ढकलू नका.