मागच्या डिफरन्शियलचे ऑइल घरी बदलताना

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात ओढ्याच्या पाण्यातून गेलेल्या बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे क्राउन ऑइल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातऱ्यांच्या पेटीतले (डिफरन्शियलमधले) ऑइल, पावसाळा संपताच तपासावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे.

आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून ऑइल कोमट करावे आणि ती सपाट जागी चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. बोल्टांवरची तांबडी माती ब्रशने काढून आधी वरचा भरण्याचा बोल्ट सैल करावा, कारण खालचा उघडून ऑइल सांडल्यावर वरचा अडकला, तर गाडी जागची हलवता येत नाही (हा धडा मी स्वतःच्या अंगणात शिकलो).

मग खालचा बोल्ट उघडून जुने ऑइल पूर्ण उतरू द्यावे. त्या बोल्टाच्या चुंबकावरचा करडा लेप ही नेहमीची झीज असते. दातऱ्याचे तुकडे मात्र मिस्त्रीला दाखवावेत. नवे वॉशर घालून खालचा बोल्ट परत बसवावा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, बहुधा जीएल-५ गिअर ऑइल, वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. जुने ऑइल गटारात किंवा उसाच्या पाटात न ओतता कॅनमध्ये भरून गॅरेजात द्यावे.