गावाचा मदतनिधी चालवायचा असेल तर

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत साठ-पासष्ट घरं. त्यातली निम्मी फक्त शिमग्यात आणि गणपतीत उघडतात. एरवी मागे राहतात ती म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी आम्ही एक छोटा निधी चालवतो आणि नऊ वर्षं मी त्याचा हिशेब लिहिते. शेजारच्या गावांतून "बाई, सुरुवात कशी करायची?" असं विचारायला माणसं येतात, म्हणून हे लिहिते आहे.

वर्गणीपासून सुरुवात करू नका. आधी वही घेऊन घरोघर जा. एकटं कोण राहतं, गोळ्या कसल्या चालू आहेत, पावसाआधी कौलं परतून द्यायला कुणी आहे का, मुंबईतल्या मुलाचा नंबर काय, हे सगळं लिहून घ्या. आमच्याकडे पहिल्या फेरीतच कळलं की निधीच्या पैशांपेक्षा हक्काचे सरकारी पैसे मिळवून देणं जास्त गरजेचं आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत दिव्यांग सोडून बाकीच्यांना महिना १५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो, श्रावणबाळसाठी वयाची ६५ वर्षंही पूर्ण हवीत. अर्ज तहसील कार्यालयात जातो. निधीतून आम्ही देतो ते रिक्षाभाडं, झेरॉक्स आणि सोबत जाणारा एक तरुण. एवढ्यावर त्या माणसाला दरमहा पैसे सुरू होतात. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला तर पैसे थांबतात. त्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

आता पैसा. एखाद्याच्या ऑपरेशनसाठी किंवा घर पडलं म्हणून तेवढ्यापुरती वर्गणी काढणार असाल, तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्या. निधी कायमचा चालवायचा असेल तर नोंदणीच करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि त्याच १९५० च्या कायद्याखाली न्यास म्हणजे ट्रस्ट म्हणूनही नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा बदल अर्ज द्यायला माणसं विसरतात आणि पुढे बँकेत सह्या अडतात.

पावती जागच्या जागी फाडा. दुसऱ्या वर्षी गणपतीत एका चाकरमान्याने आरतीच्या गर्दीत माझ्या हातात पाचशेची नोट दिली. पावती उद्या देते म्हटलं आणि राहून गेलं. दिवाळीत तो सभेत उठून उभा राहिला. पैसे जमा होते, पण पुरावा नव्हता. त्या वर्षी चार घरांनी वर्गणी दिली नाही. तेव्हापासून पावतीपुस्तक माझ्या पिशवीतून बाहेर पडलेलं नाही.

सगळ्यात अवघड काम देण्याचं. वरच्या आळीतल्या एक आजी रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेत होत्या. फळीवरच्या पाकिटात महिना उलटून गेला तरी अर्ध्या गोळ्या शिल्लक दिसल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला. "माझा झील पाठवता," म्हणाल्या, म्हणजे मुलगा पैसे पाठवतो. मग आम्ही बाजारातल्या मेडिकलवाल्याकडे खातं उघडलं. आता त्या चिठ्ठी घेऊन जातात, गोळ्या घेतात, आणि बिल महिनाअखेरीला निधीतून जातं. मे महिन्यात त्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली आणून देतात. ती घ्यायची, नको म्हणायचं नाही.

वार्षिक सभेत जमाखर्च पै-पैचा वाचा, देणाऱ्यांची नावंही वाचा. घेणाऱ्यांची मात्र नाहीत. आमच्या कागदावर एवढंच असतं: औषधं, सात घरं.