हवाई तळाचा इतिहास लिहायला बसताय? आधी तीन वह्या घ्या

या विषयाकडे येणाऱ्यांना विमानं तोंडपाठ असतात, स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या पथकांची, बिरुदंही. तो भाग सांगत बसत नाही. घोळ होतो तो पुढे, आणि तो एकाच जागी होतो: जमीन, स्टेशन आणि स्क्वाड्रन या तीन गोष्टी एकच समजल्या जातात.

म्हणून तीन वह्या करा. संगणकावर करा, कागदावर करा, पण वेगळ्या ठेवा. पहिली जमिनीची: धावपट्टी कधी झाली, कधी वाढवली, टॅक्सी ट्रॅक (धावपट्टीपर्यंत जायचा रस्ता), हँगर, ब्लास्ट पेन (विमानाभोवतीचा संरक्षक आडोसा), इंधनाच्या टाक्या, बॉम्ब डम्प (बॉम्बचं कोठार). दुसरी स्टेशनची, म्हणजे तळ चालवणाऱ्या विंगची. पुण्याच्या लोहगावला २ विंग, अंबाल्याला ७ विंग, पठाणकोटला १८ विंग. सुरक्षा, गाड्या, हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), अग्निशमन, रेशन हा सगळा पसारा तिचा. तिसरी वही स्क्वाड्रनची. स्क्वाड्रन तळावर राहते, पण तळाची नसते. आज इथे, पाच वर्षांनी हुकूम आला की चंबूगबाळं उचलून दुसरीकडे.

१७ स्क्वाड्रन घ्या. १ ऑक्टोबर १९५१ रोजी अंबाल्याला उभी राहिली. राफालही १० सप्टेंबर २०२० रोजी अंबाल्यालाच तिच्या ताब्यात आली. दोन टोकं जुळली म्हणून "१९५१ पासून अंबाला" असं लिहून मोकळे होणारे खूप. पण कारगिलच्या वेळी हीच स्क्वाड्रन मिग-२१ उडवत होती आणि तिचा मूळ तळ होता भटिंड्याजवळचा भिसियाना. पुढे ती काही काळ बंदच होती, सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा उभी केली. म्हणजे तुमच्या एका ओळीने भिसियानाचा इतिहास अंबाल्याच्या खात्यावर गेला आणि मधली बंद वर्षं गायब झाली.

उलट बाजूने लोहगाव बघा. १९३९ साली मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी तळ झाला, मे १९४७ मध्ये भारतीय हवाई दलाकडे आला. १९९७ साली पहिली सुखोई-३० इथे २४ स्क्वाड्रनकडे आली आणि २००२ साली सुखोई-३० एमकेआय. २४ स्क्वाड्रन नंतर बरेलीला गेली, लोहगावची सुखोई मात्र राहिली, दुसऱ्या स्क्वाड्रनकडे. "सुखोईचा तळ" हे जमिनीच्या वहीत बरोबर, पण २४ स्क्वाड्रनच्या वहीत ठरावीक वर्षांपुरतंच.

याहून चिवट प्रकार म्हणजे डिटॅचमेंट, अर्थात तात्पुरती पाठवलेली तुकडी. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवरून नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले. परमवीर चक्राच्या मानपत्रात श्रीनगरला असलेल्या नॅटच्या डिटॅचमेंटचा उल्लेख आहे. स्क्वाड्रन १८ क्रमांकाची, तिचा मूळ तळ वेगळा. म्हणून तिसऱ्या वहीत दोन रकाने हवेतच: मूळ तळ आणि प्रत्यक्ष उड्डाणाचा तळ. दोन्हींपुढे पासून-पर्यंत तारखा. तारीख नसेल तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने भरलेला रकाना सहा महिन्यांनी तुम्हालाच खरा वाटू लागतो.

एवढं वाचून धीर सोडू नका. वह्या एकदा वेगळ्या झाल्या की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

१९४७ पूर्वीची कागदपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांनी हीच विभागणी आयती करून ठेवली आहे: एअर २७ मालिकेत स्क्वाड्रनच्या नोंदवह्या, एअर २८ मध्ये स्टेशनच्या, एअर २६ मध्ये विंगच्या. या नोंदवह्यांतला फॉर्म ५४० म्हणजे घडामोडींचा गोषवारा, फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तपशील. नवखे फक्त २७ चाळतात आणि तळाबद्दल काही मिळत नाही म्हणून कुरकुरतात. अहो, २८ उघडा! शोधताना 'पूना' लिहा, 'पुणे' नाही. अलीकडच्या कागदांसाठी संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरण आहे: युद्धांचे इतिहास पाच वर्षांत संकलित करायचे, नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करायच्या. 'साधारण' या शब्दात बरीच वाट बघणं दडलेलं आहे.

तळाची भूमिका समजायची तर आधी जमिनीची वही. धावपट्टीचा आकडा गुणिले दहा म्हणजे तिची चुंबकीय दिशा. लोहगावची १०/२८, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. लेह दहा हजार फुटांवर. तिथली हवा विरळ, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, म्हणून विमान कमी वजन घेऊन उडतं आणि शक्यतो सकाळच्या गारव्यात. हवाई दलाचे मेहर सिंग यांनी मे १९४८ मध्ये तिथे डाकोटा हे मालवाहू विमान उतरवलं. पुरवठा हे त्या तळाचं काम तेव्हापासूनचं आहे.

ब्लास्ट पेन कधी बांधली हेही शोधा. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटवर हल्ला झाला आणि दोन मिग-२१ सह कितीतरी विमानं जमिनीवरच गेली. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी अनेक तळांवर हल्ले झाले, तोवर विमानं पेनमध्ये विखरून ठेवायची शिस्त आली होती. नुकसान किरकोळ झालं. अशा हल्ल्यांच्या वेळा भारतीय आणि पाकिस्तानी लिखाणात जुळल्या नाहीत तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका, घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक आहे.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. निवृत्त वैमानिकाला भेटा, जरूर भेटा, पण त्याच्या बोलण्यात स्क्वाड्रन येते, तळ नाही. तळ माहीत असतो तो शस्त्रं चढवणाऱ्याला, एमटीच्या (मोटार वाहन विभागाच्या) चालकाला, एमईएसच्या (लष्करी बांधकाम सेवेच्या) ओव्हरसियरला. धावपट्टीचा कुठला भाग पावसात खचायचा हे तोच सांगेल. इंटरनेटवरच्या तयार कालपटांचं म्हणाल तर ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. पाच ठिकाणी तीच तारीख दिसली तरी पुरावा एकच.

आणि कुंपणाबाहेरून फोटो काढायला जाऊ नका. शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ नुसार हवाई दलाचा तळ प्रतिबंधित जागा आहे. लोहगावसारख्या ठिकाणी प्रवासी विमानं उतरतात म्हणून लोक मोबाइल काढतात, पण धावपट्टी हवाई दलाचीच आहे. परवानगी हवी असेल तर लेखी अर्ज करा, विषय आणि काळ नेमका लिहून. "तळाचा संपूर्ण इतिहास" असं लिहिलंत तर बहुधा उत्तरच येणार नाही. "१९४७ ते १९६५, धावपट्टीची बांधकामं" असं लिहा.