कुंडीत ब्रह्मकमळ कसं फुलवावं

कासच्या पठारावर टोपली कारवी सातेक वर्षांतून एकदा फुलते आणि सातारकर बिनतक्रार तिची वाट पाहतात. घरातल्या ब्रह्मकमळाला मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात जाब विचारला जातो. पान लावल्यापासून पहिल्या कळीपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, कधी जास्तही.

हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, ते वेगळं. आपल्या गॅलरीतलं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, निवडुंगाच्या कुळातलं. तिथल्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या अंगावर वाढतं. म्हणून त्याला मुळाशी हवा हवी आणि डोक्यावर थोडी सावली.

लागवड

आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. शेजाऱ्यांकडून वीतभर निरोगी तुकडा मागून आणा. आणल्या आणल्या मातीत खोचू नका. कापलेली कड वाळेपर्यंत तीन-चार दिवस सावलीत ठेवा, नाहीतर कुजतो. मग खालचं टोक खालीच ठेवून दोनेक इंच पुरा. कुंडी लहान घ्या. मातीत गांडूळखत, जाडसर वाळू आणि थोडे विटांचे तुकडे मिसळा. फेब्रुवारी-मार्च उत्तम, ऐन जुलैच्या झडीत लावू नये.

जागा आणि पाणी

पूर्वेची गॅलरी, सकाळचं कोवळं ऊन. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पानं पिवळी पडतात. बोट खुपसून पाहा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. थंडीत आणखी कमी. सातारच्या संततधारेत कुंडी पागोळ्यांखाली नको, आत सरकवा.

फूल येईना तेव्हा

खरा घोळ इथे होतो. फूल नाही म्हणून लोक युरिया टाकतात, आणि नत्र वाढलं की झाड नुसती पानंच काढत बसतं. कुणी दरवर्षी मोठी कुंडी आणतं. पण मुळं जराशी दाटलेली असली तर ब्रह्मकमळ अधिक फुलतं. उन्हाळा सरताना मूठभर शेणखत पुरे. उजेड कमी पडत असेल तर तेवढी जागा बदला, बाकी हात आवरा.

कळी दिसल्यावर

जून ते सप्टेंबरच्या दरम्यान पानाच्या खाचेत बोंड दिसतं. फुलायला तीनेक आठवडे लागतात. या काळात कुंडी हलवू किंवा फिरवू नका, माती पार सुकू देऊ नका, कळ्या गळतात. लोंबणारी कळी मान वर करून फुगली की फूल आजउद्यावर आलं समजा. रात्री आठ-नऊला उमलायला लागतं, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण फुलतं, पहाटे मान टाकतं. शेजाऱ्यांना दहानंतरच बोलवा. लवकर आले तर चहा पिऊन, अर्धवट कळीचा फोटो काढून निघून जातात.

दुसऱ्या दिवशी सुकलेलं फूल तेवढं कापा. पान ठेवा, पुढची कळी त्याच पानाच्या दुसऱ्या खाचेतून येऊ शकते.