सकाळी कॅथेड्रल, दुपारी घोडे: सुरुवात चेस्टरपासून करा

घोड्यांचा नाद मला बाबांनी लावला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी उभं करून ते घोड्याची चाल बघायला शिकवायचे. मँचेस्टरला राहायला आल्यावर कळलं, की इंग्लंडच्या काही गावांत कॅथेड्रल आणि रेसकोर्स दोन्ही पायी फिरून एका दिवसात होतात. त्यात चेस्टरसारखं गाव नाही.

आधी रेसची तारीख बघा, मगच ट्रेनचं तिकीट काढा. चेस्टरला मे ते सप्टेंबर एवढ्यातच मोजके दिवस रेस असतात. सकाळी थेट कॅथेड्रलला जा. कॉयरमधली, म्हणजे गायकवृंद बसतो त्या भागातली, ओकची कोरीव आसनं साधारण 1380 सालची आहेत. तिथे पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती शोधा. कारागिराने हत्ती कधी पाहिला नसावा, पाय चक्क घोड्याचे दिलेत! आईला घेऊन गेले होते तेव्हा ती त्याच्यापाशी बराच वेळ थांबली होती.

तिथून शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालत रूडीला या. कोर्सचं नाव रूडी. रोमन काळी इथे बंदराचं पाणी होतं, नदीच्या गाळाने ते बुजलं. 1539 पासून इथे घोडे धावतात, आणि आजही चालू असलेलं इंग्लंडमधलं सर्वांत जुनं रेसकोर्स हेच. तटावरून अख्खा ट्रॅक खाली ताटासारखा दिसतो. आत जाण्याआधी इथे पाच मिनिटं थांबाच, कारण चेस्टरचं सगळं गणित या वळणांत आहे. एक फेरी जेमतेम मैलभराची, घोडे सतत डावीकडे वळतात. म्हणून छोट्या अंतराच्या रेसमध्ये रेसकार्डवर घोड्याच्या नावाशेजारचा ड्रॉ, म्हणजे घोडा जिथून सुटतो त्या स्टॉलचा नंबर, आधी वाचा. लहान नंबर म्हणजे आतली बाजू, कमी धाव. बाहेरच्या स्टॉलमधला चांगला घोडाही इथे मागे पडतो. पैसे लावलेच पाहिजेत असं नाही. लावणार असाल तर दिवसाची रक्कम सकाळीच वेगळ्या खिशात ठेवा.

कॅथेड्रलमधल्या संध्याकाळच्या प्रार्थनेची, इव्हनसाँगची, वेळ वारानुसार बदलते. ती आदल्या दिवशी बघून ठेवा. तिकीट नसतं, कुठल्याही धर्माच्या माणसाने बसावं. त्यासाठी शेवटच्या दोन रेस सोडाव्या लागल्या तरी सोडा. दिवसभराच्या गलक्यानंतर त्या आसनांजवळ बसून गाणं ऐकताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

दुसरी खेप यॉर्कची करा. मिन्स्टरची, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलची, पूर्वेकडची मोठी काचखिडकी 1405 ते 1408 मध्ये घडली. दुर्बीण न्या, नाहीतर वरचे तुकडे दिसत नाहीत. नेव्ह्समायर कोर्स तिथून थोडा लांब आहे, गुडघे दुखत असतील तर बस घ्या. वूस्टरला कॅथेड्रलमधली किंग जॉनची कबर बघून सेव्हर्न नदीच्या काठाकाठाने पिचक्रॉफ्ट कोर्सला चालत जाता येतं. तिथे नदी कोर्सवर चढते, तेव्हा पावसाच्या दिवसांत निघण्याआधी रेस रद्द नाही ना, हे बघा.